खारवट गूळ

१० जानेवारी, शुक्रवार. वाई

पहाटे ठाण्याहून निघालो. बेंगळुरूचं विमान दोन तासांत पोचवतं, मी रजा टाकून सतरा दिवस घेतले आहेत. बायकोला, अपूर्वाला, हे पटलेलं नाही. काल शाळेत शिकवायला निघता निघता दारात म्हणाली, "सतरा दिवस गूळ शोधणार तू?" म्हटलं, हो.

काय झालंय ते एकदा लिहून काढतो. सत्तावीस तारखेला बेंगळुरूच्या एका नव्या हॉटेलात माझी परीक्षा आहे. तिथल्या मालकीण राजेश्वरी राव यांनी सप्टेंबरात मुंबईच्या खाद्यमहोत्सवात माझा तीळगुळाचा पदार्थ खाल्ला होता. लोणी घालून घड्या घातलेल्या मैद्याचे कागदासारखे पदर, मधे गुळाचं क्रीम, वर तीळ. खाऊन त्या काही बोलल्याच नाहीत, नुसत्या उभ्या राहिल्या. पहिलं बक्षीस त्यालाच मिळालं. आता त्यांना गोडाच्या विभागाला प्रमुख हवा आहे. अट एकच: तोच पदार्थ, तसाच.

अडचण अशी की तो गूळ संपला. माझ्या हाताखालची संयोगिता तो आजोळाहून आणायची. सातारा-सांगलीकडे कुठेतरी आजोळ आहे, नेमकं मी कधी विचारलं नाही. दिवाळीनंतर बाजारातले अकरा गूळ वापरून पाहिले. पदार्थ नुसता गोड होतो. गोड करणं काय कुणालाही जमतं.

"संयोगितालाच विचार की," अपूर्वा म्हणाली. विचारता आलं असतं. पण महोत्सवानंतर आठवड्याच्या आत तिने नोकरी सोडली, कारण न देता. हुशार मुलगी, पण आजकाल कुणाला धीर नसतो. उगीच फोन कशाला करायचा.

दुपारी वाईत उतरलो. घाटाजवळच्या एका घरगुती खानावळीत उमाकाकू नावाच्या बाई वाढत होत्या. आमटी-भात, मेथी, लोणचं. आमटीत गुळाचा खडा होता, चिंच होती, आणि त्या दोघांचं भांडण मिटवणारं काहीतरी तिसरं होतं, ते मला शेवटपर्यंत ओळखता आलं नाही.

"काय करता तुम्ही?" त्यांनी विचारलं.

"हॉटेलात गोडाचे पदार्थ करतो."

"कुणासाठी?"

"येतील त्यांच्यासाठी."

"म्हणजे ओळखीचं कुणी नाही," म्हणाल्या, आणि भातावर आणखी तूप घातलं.

११ जानेवारी, शनिवार. सातारा

कंदी पेढा मी लहानपणापासून खातोय, पण होताना पाहिला आज. कढईतला खवा एक माणूस खालून वर उलथत होता, संथपणे, कंटाळा न करता. रंग पांढऱ्याचा साईसारखा झाला, मग बदामी, मग जवळजवळ विटकरी. माझ्या किचनमधे मी केव्हाच हात आखडता घेतला असता. हा माणूस थांबेना.  दूध जळायच्या इतकं जवळ गेलं आणि जळलं नाही.

गरम पेढा त्याने पानावर ठेवून दिला. आधी कडसर, मग दाणेदार, गोडी सगळ्यात शेवटी. 

गुळाचं विचारलं तर म्हणाला, "आमचं काम दुधाचं. गुळाचं सांगलीच्या पेठेत विचारा."

१३ जानेवारी, सोमवार. सांगली

आज भोगी. काल रविवार नुसता प्रवासात गेला. लॉजशेजारच्या खानावळीत तीळ लावलेली बाजरीची भाकरी, लोण्याचा गोळा आणि भोगीची भाजी होती. वाल, गाजर, वांगं, हरभऱ्याचे सोलाणे, ओली बोरं, सगळं एका भांड्यात आणि तरी प्रत्येकाची चव निराळी. आम्ही केटरिंगच्या शाळेत शिकून आलेले लोक एका ताटलीत तीन चवींच्या वर जायला घाबरतो.

मग पेठेत गेलो. गुळाचे व्यापारी वीरधवल, पन्नाशीचे, बोलायला मोकळे. सोळा नमुने चाखायला दिले. सगळे पिवळेधमक. सोळांपैकी एकही तो नाही. मी त्यांना सांगितलं, मला हवा तो गूळ काळपट होता. आधी गोड, मग भाजल्या दाण्यासारखा, आणि अगदी शेवटी जिभेवर किंचित मीठ राहायचं.

ते हसायला लागले. "म्हणजे खारवट गूळ. अहो साहेब, तो आम्ही पेठेतून परत पाठवतो. नदीकाठच्या खारपड रानातल्या उसाचा असतो तो. गिऱ्हाईक पिवळा मागतं."

"कुठे मिळेल?"

"मिळण्यासारखा एकच. तासगावच्या पुढे, नदीच्या अंगाला कृष्णात अण्णांचं गुऱ्हाळ आहे. तिथे जाऊन 'बनूचा गूळ' म्हणा, कुणीही दाखवील."

उद्या संक्रांत, गुऱ्हाळ बंद. परवा जाईन.  इतक्या सोप्या रीतीने सापडेल असं वाटलं नव्हतं.

१५ जानेवारी, बुधवार. तासगाव

काय लिहू. एकोणीस वर्षं पाक करतोय. आज पहिल्यांदा पाक पाहिला.

तासगावात लॉजवर बॅग टाकली आणि एसटीने पाऊण तासावर उतरलो. द्राक्षाच्या बागा मागे पडल्या, मग नुसता ऊस. उसातून वाट, वाटेच्या टोकाला धुराचा खांब. वास मात्र धुराच्या कितीतरी आधी येतो. आधी हिरवा, ओल्या गवतासारखा, आणि जवळ जाल तसा तो पिकत जातो.

माझ्या किचनमधे पाकाचं सगळ्यात मोठं भांडं चार लिटरचं. इथे काहिलीत हजार लिटर रस उकळत होता. खाली चिपाडाचा जाळ, वर करड्या मळीचा थर. तो काढला की खालून सोन्यासारखा रस आणि त्यावर बुडबुड्यांचे डोंगर. पुढे पुढे बुडबुडे लहान होतात, जड होतात, आणि आवाज बदलतो. पावसासारखा होता, तो चिखलात पाय टाकल्यासारखा होतो. मी तोंड उघडं टाकून उभा राहिलो असणार, कारण एक गडी हसला.

कृष्णात अण्णा सत्तरीचे, पांढऱ्या मिशा, ताठ. सतरा वर्षं फौजेत होते. काहिलीच्या काठावर लांब दांडा घेऊन उभे राहतात तेव्हा सगळे त्यांच्याकडे बघत असतात. त्यांच्या पत्नी बनुबाई थोड्या अंतरावर चिपाडाच्या ढिगाला टेकून शेंगा निवडत होत्या, काहिलीकडे पाठ करून. जन्मभर पाहिलेल्या गोष्टीत त्यांना आता काय रस असणार. एकदा त्या "हं" म्हणाल्या, कुणी काही विचारल्यासारखं. आणि अण्णा ओरडले, "घ्या रं!" सहा जणांनी काहील उचलून गूळ थंड करायच्या पसरट वाफ्यात ओतली. ते लालसर ओझं पसरत गेलं, घट्ट होत गेलं, काठाकडून रंग बदलत गेलं.

नवऱ्याने बायकोच्या नावाने गूळ विकावा, हे मला फार आवडलं.

गरम काकवी वाटीत दिली. चाखली. तोच. दाणे, आणि शेवटी मीठ. मी डोळे मिटून बराच वेळ तसाच होतो. उघडले तेव्हा बनुबाई शेंगा बाजूला ठेवून माझ्याकडे बघत होत्या.

"कुटनं आलासा?"

"मुंबईहून. हॉटेलात गोडाचं काम करतो."

"आमची नात बी मुंबईला व्हती, हाटेलात."

मी म्हटलं, "हो का." मुंबईत हॉटेलं हजारो आहेत. नाव विचारलं नाही.

१६ जानेवारी, गुरुवार

अण्णांनी हवे तितके दिवस या म्हणून सांगितलंय. आज थर्मामीटर नेला.

शास्त्र असं की गूळ एकशे अठरा अंशांवर उतरवायचा. पहिल्या आदणाला, म्हणजे काहिलीच्या पहिल्या खेपेला, काटा एकशे अठरावर आला आणि मी न राहवून म्हणालो, "अण्णा, झालं." अण्णांनी हात वर केला: थांबा. मी मनात चाळीस मोजले. बनुबाई पलीकडे "हं" म्हणाल्या, अण्णांनी घ्या म्हटलं. दुसऱ्या आदणाला एकशे सतरालाच घेतली. दोन्हींचा गूळ थंड झाल्यावर फोडला, आतून सारखाच, रवाळ, कोरडा. मला थर्मामीटर लपवावासा वाटला.

"असं का?" मी अण्णांना विचारलं. उत्तर बनुबाईंनी दिलं. "पयला ऊस परवाचा तोडल्याला. दोन दिस पडला की रस थकतू. त्येला जरा जास्त शिजवाया लागतंय. दुसरा सकाळचा ताजा."

इतकी वर्षं अण्णांच्या शेजारी राहून त्यांनाही किती कळायला लागलंय.

"वासावरून ओळखता का?" मी अण्णांना विचारलं.

"मला कुटला वास!" अण्णा हसत म्हणाले. खऱ्या उस्तादांचं हे असंच असतं. मोठेपणा कधी घेणार नाहीत. मला स्वतःची थोडी लाज वाटली. कशाबद्दल, ते नीट सांगता येत नाही.

१८ जानेवारी, शनिवार

बनुबाई रोज घरात जेवायला बोलावतात. घर गुऱ्हाळाच्या मागेच आहे, वीस पावलांवर. मी इथेच बरा म्हणतो. इथून काहील दिसते. शिवाय घरात गेलं की फोटो बघा, चहा घ्या, वेळ जातो.

आज त्यांनी भाकरी आणि पावट्याची उसळ बाहेरच आणली. उसळीत काकवीचं बोट होतं. मी जेवत असताना त्या समोर बसल्या.

"तुमच्या हाताखाली पोरं-पोरी असतील की."

"बाराजण आहेत."

"कसं वागवता?"

"घरच्यासारखं. जे येतं ते सगळं शिकवतो. हातचं राखून ठेवत नाही."

"आन् त्येंच्याकडनं तुमी काय शिकता?"

मी विचार केला.  म्हटलं, "ती नवीन असतात हो."

"कोण सोडून गेलं तर?"

"जातात. दुसरी येतात."

"व्हय," म्हणाल्या, आणि न विचारता आणखी एक भाकरी वाढली.

निघताना पाच किलोची ढेप फडक्यात बांधून दिली. तासगावात इंद्रजित म्हणून एक बेकरीवाला आहे, त्याची रविवारी भट्टी रिकामी असते. उद्या करून बघतो.

१९ जानेवारी, रविवार

नाही जमलं.

पदर उत्तम झाले. इंद्रजित एक पदर उजेडासमोर धरून कितीतरी वेळ बघत होता, म्हणाला, "ह्यातनं पेपर वाचता येईल." पदर कसे करायचे ते मला येतं, ते माझ्या हातात आहे. पण क्रीम! गूळ तोच, दूध चांगलं, तीळ ताजे. चव सपाट. दाणे आहेत, मीठ आहे, पण एकमेकांना धरून नाहीत. दोनदा केलं, तीनदा केलं. तिसऱ्यांदा आठवायला बसलो की हॉटेलात हे क्रीम मी कसं करायचो. आणि आठवेना.

मी आठला यायचो तेव्हा क्रीम तयार असायचं. संयोगिता सहाला येऊन करून ठेवायची. मी चाखायचो, चांगलं आहे म्हणायचो.

हे वाक्य लिहून त्याच्याकडे बराच वेळ बघत बसलोय. महोत्सवात मंचावर मी एकटा गेलो होतो. ती मागे ताटल्या लावत होती. कुणीतरी लावायलाच हव्या होत्या. सूत्रसंचालकाने विचारलं, ही कल्पना कशी सुचली? मी म्हणालो, माझ्या आजीच्या तीळगुळावरून.

माझी आजी पुण्यात चितळ्यांच्या गल्लीत राहायची आणि तीळगूळ विकत आणायची.

२० जानेवारी, सोमवार

केलेलं घेऊन गुऱ्हाळावर गेलो. का नेलं कळत नाही. फेकवलं नाही.

बनुबाईंनी एक तुकडा तोंडात घातला. सावकाश खाल्ला.

"पदर चांगलं हायती," म्हणाल्या. "आमच्या संयूचं जरा जाड व्हतं. पर तिचं आतलं निराळं. शेवटाला जरा कडू लागायचं."

मी विचारलं, "तुम्ही हे खाल्लंय?"

"हितंच केलं की पयल्यांदा. गेल्या सालच्या संक्रांतीला, सुट्टीला आली व्हती तवा. माझ्या चुलीवर. चार दिस सारखी करती आन् टाकती, करती आन् टाकती. मी म्हनलं, पोरी, गूळ संपिवशील."

"तुम्हाला कधी कळलं, मी कोण ते?"

"पयल्या दिशी. तुमी काकवी चाटली आन् डोळं मिटलं. संयू म्हनायची, आमचं सर डोळं मिटून खात्यात, आन् मग कुनाचंच ऐकत न्हाईत."

आवाज चढवला नाही त्यांनी. हे चांगल्या अर्थाने म्हणाल्या की वाईट, तेही कळलं नाही. मी विचारलं, "मग मला हाकललं का नाही? गूळ का दिला?"

"दारात आल्याला मानूस. उपाशी धाडू व्हय?" त्यांनी उरलेला तुकडा अण्णांना दिला. "आन् बगावं म्हनलं, सांगताय का न्हाई. पाच दिस वाट बगितली."

मी चिपाडावर बसलो. अण्णा शेजारी येऊन बसले. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हणालो, "अण्णा, तुमच्यासारखा हात असता तर..."

"माजा कुटला हात?" अण्णांना खरंच नवल वाटलं. "आवं, मला वासच येत न्हाई. चार वर्सं झाली. त्या साथीचा ताप आला, तवापास्नं गेला त्यो गेला. चव बी अर्धीच. गूळ समदा हिच्यावर हाय. ही हं म्हनती आन् मी वरडतो. माजा आवाज मोठा, येवढंच."

"मला सांगितलं नाहीत."

"इचारलं कुटं तुमी? समद्या गावाला ठाव हाय. गूळच बनूचा म्हनत्यात."

बनुबाई पुन्हा पाठ करून शेंगा निवडायला बसल्या होत्या. पंधरा फुटांवर हजार लिटर रस उकळतोय आणि ही बाई पाठमोरी बसून, नुसत्या वासावर, त्यातली नेमकी घटका वेगळी काढते. मी पाच दिवस समोर उभा राहून भलत्याच माणसाकडे बघत होतो. मला वाटतं, माझ्या आयुष्यात मी इतकं मोठं काही पाहिलेलं नाही, आणि पाहिलं तेही नव्हतंच, ऐकलं.

"फोन हाय न्हवं तुमच्याकडं?" त्या न वळता म्हणाल्या.

२१ जानेवारी, मंगळवार

काल केला नाही. आज सकाळी नदीवर जाऊन केला.

संयोगिता सध्या मिरजेत एका बेकरीत वाढदिवसाचे केक करते. गुऱ्हाळापासून इतक्या जवळ. तिने "बोला सर" म्हटलं.

मी सगळं सांगितलं, मंचावरच्या आजीसकट. 

"आजीचं मला टीव्हीवर कळलं," ती म्हणाली. "बक्षिसाचं इतकं नाही वाटलं सर. तुम्ही शिकवलंत, तुमचं किचन. पण तुम्ही आजी बनवून सांगितलीत. माझी खरी होती."

मी माफी मागितली. ती ठीक आहे म्हणाली नाही. बरं केलं.

मग म्हणाली, "क्रीमचं विचारायला फोन केलात का?"

"नाही." मग खरं सांगितलं. "परवापर्यंत त्यासाठीच केला असता."

"तुम्ही ते कधी केलंच नाही ना सर, म्हणून जमत नाही. गूळ आधी एकटा चढवायचा, जळायच्या जवळ नेऊन मग दूध. कुठे थांबायचं ते सांगता नाही येणार. मलाही दहातल्या चारदा चुकतं."

दुपारी बेंगळुरूला फोन लावला. राजेश्वरीबाई मूळ बेळगावच्या, मराठी स्वच्छ. सगळं ऐकून घेऊन त्यांनी एकच प्रश्न विचारला. "ती मुलगी सत्तावीसला येऊ शकेल?"

संध्याकाळी अपूर्वाला सांगितलं.  ती म्हणाली, "सप्टेंबरात तू बक्षीस घेऊन घरी आलास ना, त्या दिवशी मला वाटलं होतं तू हे सांगशील." म्हणजे तिलाही माहीत होतं. सगळ्यांनाच माहीत होतं, मी सोडून.

२३ जानेवारी, गुरुवार

बेंगळुरूचं संयोगिताला परवाच कळवलं होतं. आज तिचा फोन. येते म्हणाली. एक दिवस विचार केला असावा. मग म्हणाली, "सर, तिकडे अनोळखी किचन. पदर मला अजून तुमच्यासारखे येत नाहीत. याल का? हाताखाली."

हो म्हणालो. लगेच म्हणालो, हे इथे नोंदवून ठेवतो, कारण स्वतःबद्दल चांगलं लिहिण्यासारखं या वहीत फार थोडं आहे.

२७ जानेवारी, सोमवार. बेंगळुरू

पांढरंशुभ्र किचन, सगळं नवं, कशालाच अजून वास नाही. मी पहाटेपासून लोणी आणि मैदा घेऊन बसलो. घडी, थंडावा, लाटणं, पुन्हा घडी. संयोगिता गूळ घेऊन शेगडीपाशी उभी राहिली. मी तिच्या हाताखाली आहे याचं तिला अवघडल्यासारखं होत होतं, "सर, जरा ते..." म्हणून थांबायची. मी म्हटलं, नुसतं सांग.

पहिलं क्रीम तिने ओतून दिलं. दुसरंही. मला दोन्ही चांगली वाटली होती, बोललो नाही. तिसऱ्या वेळी गूळ विरघळला, फसफसला, गडद झाला. विटकरी, मग त्याच्याही पलीकडे. माझा हात आपोआप पुढे जायला लागला, मी तो ओट्याखाली धरून ठेवला. ती वाकली नाही, बघत नव्हती. खिडकीकडे तोंड करून उभी होती. आणि एकदम दूध ओतलं. वाफेचा लोट उठला, आणि त्या बिनवासाच्या खोलीत काय पसरलं ते मला लिहिता येणार नाही. आठ महिने ही मुलगी रोज सकाळी सहाला हे करत होती, माझ्या किचनमधे, आणि मी आठला येत होतो.

राजेश्वरीबाईंनी खाल्लं. सप्टेंबरात गप्प झाल्या होत्या तशाच गप्प झाल्या. मग संयोगिताला म्हणाल्या, "तुम्ही कधीपासून येऊ शकाल?"

माझ्याकडे वळल्या. "तुम्ही हे तेव्हाच सांगायला हवं होतं."

"हो," मी म्हणालो.

"पदर सुंदर होते."

"धन्यवाद."

एवढंच. बाहेर आल्यावर संयोगिता रडत होती आणि हसत होती. माझ्या पाया पडायला वाकली, मी पडू दिलं नाही. ती म्हणाली, "सर, राग गेलाय असं नाही." म्हटलं, जाऊ नको देऊस इतक्यात. आम्ही दोघांनी कोपऱ्यावरच्या टपरीत उभ्याने इडली खाल्ली. चटणी अशी होती की दोघंही एकदम थांबलो, आणि मग दोघांनी एकाच वेळी विचारलं, ह्यात काय घातलंय?

१ फेब्रुवारी, शनिवार. गुऱ्हाळ

बेंगळुरूहून परतताना परवा गाडीतून मिरजेला उतरलो. उतरायचं ठरवलं नव्हतं. हॉटेलात रजा वाढवून मागितली, अपूर्वाला फोन केला, ती म्हणाली, "मार्चपर्यंत, उसाचा हंगाम संपेपर्यंत राहा. पण रविवारी मी येते, मला ती बाई बघायची आहे."

बनुबाईंना विचारलं, काम मिळेल का. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "मळी काढाया मानूस पायजे. जमंल?"

एक्केचाळिसाव्या वर्षी पुन्हा हाताखाली. आज सकाळपासून पाच आदणं. खांदे उतरलेत, हाताला तीन फोड आहेत. मळी काढणं वाटतं तितकं सोपं नाही. खोल गेलं तर रस जातो, वर राहिलं तर गूळ काळवंडतो. दुपारी घरात जाऊन जेवलो. भिंतीवर संयोगिताचा शाळेच्या गणवेशातला फोटो आहे.

चौथ्या आदणाला अण्णा दांडा टेकून माझ्याजवळ आले. काहिलीत बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "पाव्हणं, एक इचारू? आता ह्येचा वास कसा येतूय?"

मी थांबलो. बायकोला का विचारत नाहीत, असं वाटलं. त्यांना ते कळलं.

"हिला इचारलं तर म्हनती, गुळासारखा."

मी झारा बाजूला ठेवला. डोळे उघडे ठेवूनच वास घेतला. सांगितलं, अण्णा, आत्ता अजून हिरवा आहे, पहाटे दव पडलेलं गवत कापल्यासारखा. थोडं थांबलो. आता गवत गेलं. आता कोवळ्या कणसासारखा, भाजायला ठेवलेल्या. आता धुराच्या खाली दूध आटल्यासारखं काहीतरी. आता शेंगा. तुमच्या अंगणात भाजतात तशा, पण टरफल अजून पुरतं जळलं नाही.

अण्णा काहिलीवर झुकून उभे होते, तोंडावर वाफ घेत. "व्हय," म्हणत होते. "व्हय. व्हय. फुडं?"

चिपाडाच्या ढिगापाशी बनुबाईंचे हात थांबले होते. त्या वळून आमच्याकडे बघत होत्या. मी पुढे सांगत राहिलो, आणि त्या दिवसातल्या त्या एकाच आदणाला बनुबाईंचं "हं" थोडं उशिरा आलं.